रायगडावरचा सौदा

लाखनीच्या शाळेत शिवराज्याभिषेकाचा धडा आला की मी मुलांना एक प्रश्न हटकून विचारतो : इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर कशाला आला होता? मुले एका सुरात सांगतात, "मुजरा करायला, गुरुजी!" उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. मुजरा करणाऱ्या त्या माणसाच्या दप्तरात वीसएक कलमांचा कागद होता.

हा प्रश्न मला पुस्तकाने शिकविला नाही, वडिलांनी शिकविला. एका वर्षी त्यांनी घरचा तांदूळ दूरच्या मुलखातील एका व्यापाऱ्याला विकला. आमच्याकडची रीत अशी, की माल अंगणातून निघाला की तो घेणाऱ्याचा. वाटेत पाऊस लागला आणि पोती भिजली. व्यापाऱ्याने कागद पुढे केला. माल पोचेपर्यंतची जोखीम विकणाऱ्याची, असे त्यात लिहिले होते. वडिलांनी सही केली होती, वाचले नव्हते. नुकसान त्यांनी मुकाट्याने भरले. त्या व्यापाऱ्याला मी आज लबाड म्हणणार नाही. त्याच्याकडची रीत तशी असेल. सौदा एकच झाला होता, पण दोघांच्या मनात दोन सौदे होते.

असेच दोन सौदे एकमेकांसमोर आले ते रायगडावर.

त्याआधीचा हिशेब कडू होता. १६६० साली पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला असता राजापूरच्या वखारीचे इंग्रज तोफ घेऊन तेथे गेले आणि आपले निशाण लावून गडावर गोळे टाकू लागले. व्यापारासाठी आलेला माणूस तोफ घेऊन उभा राहतो, हे मराठ्यांनी तेव्हा पाहिले. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि तेथील इंग्रजांना कैदेत टाकले. निशाण लावून गोळे टाकणाऱ्यांना सुरतेच्या वरिष्ठांनीही मागाहून दोष दिला.

त्या लुटीची भरपाई आणि व्यापाराची सवलत मागण्यासाठी १६७४ च्या मे महिन्यात ऑक्झिंडेन गड चढला. नारायण शेणवी हा त्याचा दुभाष्या. गडावर डाळतांदळाची खिचडी आणि तूप असे जेवण. साहेबाला मांसावाचून चालेना. कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याने एक गंमत लिहून ठेवली आहे. मांस पुरविणारा म्हातारा खाटीक मुद्दाम गड चढून या पाहुण्यांना पाहायला आला. आपण कित्येक वर्षांत विकले नाही एवढे मांस थोड्या दिवसांत खाणारी ही माणसे दिसतात तरी कशी, याचे त्याला नवल!

खाटकाचे कुतूहल पाहून फिटले. राजाला पाहून भागणार नव्हते. त्याला कागद वाचायचा होता. ६ जूनला राज्याभिषेक झाला. ऑक्झिंडेनने हिऱ्याची अंगठी नजर केली, महाराजांनी त्याला सिंहासनाजवळ बोलावून घेतले. पण मान वेगळा आणि कलमे वेगळी. राजापूरच्या भरपाईदाखल दहा हजार होन आणि मालावर शेकडा अडीच जकात, हे मान्य झाले. इंग्रजी नाण्याविषयी उत्तर मिळाले, की नाणे कसाला आणि वजनाला इतरांच्या तोडीचे असेल तर मनाई नाही. पण तोटा सोसून ते घ्या, अशी सक्ती प्रजेवर होणार नाही.

खरी अडचण आली ती फुटक्या गलबतांपाशी. वादळाने किनाऱ्याला लागलेले आमचे जहाज आणि माल आम्हाला परत मिळावा, ही इंग्रजांची मागणी. किनाऱ्याला लागले ते राजाचे, हा कोकणचा रिवाज. महाराजांनी सांगितले, हे देता येणार नाही. तुम्हाला दिले तर उद्या फ्रेंच आणि डच हेच मागतील. खलाशांना मदत मिळेल, माल मिळणार नाही. गंमत अशी, की खुद्द इंग्लंडमध्येही फुटलेल्या जहाजावर राजाचा हक्क होता. पण जहाजातून जिवंत जीव सुटला, अगदी कुत्रे-मांजर जरी वाचले, तरी मालकाला वर्ष-दिवसाच्या आत माल मागता येई, असा १२७५ पासूनचा तेथील कायदा होता. म्हणजे दोन्हीकडे हक्क राजाचाच. फरक एवढाच, की एकीकडे मालकाला वाट ठेवली होती आणि दुसरीकडे नव्हती. परके लोक व्यवहाराला बसतात तेव्हा भांडण बहुधा एवढ्याशा अंतरावरच होते.

महाराजांनी पाहुण्याला परका म्हणून हाकलले नाही आणि पाहुणा म्हणून सगळे देऊनही टाकले नाही. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात हाच धडा लिहून ठेवला. टोपीकर हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत. त्यांना येऊ द्यावे, पण समुद्रकाठी वखारीला जागा देऊ नये आणि पक्की इमारत बांधू देऊ नये. पुढच्यांनी ते किती मनावर घेतले, हे १८१८ साली सर्वांना दिसले.

म्हणून मुलांचे उत्तर मी खोडीत नाही, त्याला जोड देतो. तो मुजरा करायला आला होता, बाळांनो, आणि कागदही घेऊन आला होता. मुजरा स्वीकारावा, पण कागद वाचावा. वर्गात हे सांगताना माझ्या डोळ्यांपुढे मात्र रायगड नसतो. आमच्या अंगणात वाळत घातलेला, भिजून काळा पडलेला तांदूळ असतो.