उलटे आटे

इतिहासाचं साधन म्हटलं की आपल्याला ताम्रपट, नाणी, बखरी आठवतात. आजचं साधन जरा वेगळं आहे. माझ्या वडिलांची रेसिंग सायकल.

अण्णांनी ती 1960च्या दशकात मुंबईत एका पारशी गृहस्थांकडून घेतली, तीही जुनी. तिच्यावर ते दोनदा मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढले. पुढे बदली झाली, आम्ही इंदूरला आलो आणि सायकल माळ्यावर गेली. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच सांगत, "ही इटलीची आहे." अण्णा गेल्यावर मी ती खाली काढली.

त्या काळी अशी सायकल म्हणजे काय होतं, हे आधी समजून घेऊ. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे सायकलींचे मोठे कारखाने उभे राहिले. आसनसोलला सेन-रॅले, मद्रासला टीआय, सोनीपतला ॲटलस, लुधियानाला हीरो. पण तिथून मुख्यतः निघत ती काळी, दणकट, दूधवाल्याची आणि पोस्टमनची सायकल. पातळ नळ्यांची हलकी रेसिंग सायकल बहुतेक परदेशातूनच यायची, आणि आयातीवर निर्बंध होते. त्यामुळे एकच सायकल हातोहात फिरायची. एखादा भाग गेला की मिळेल तो बसवायचा.

मी काम सुरू केलं. सीटची ॲल्युमिनियमची दांडी पोलादी नळीत घट्ट धरली होती. दोन वेगळे धातू आणि मधे ओल, की त्यांचा असा गंज चढतो. रोज थोडं तेल सोडत दोन आठवड्यांनी ती सुटली. मग पायडलच्या दांड्याची उजवी कटोरी काढायला घेतली. इटालियन सायकलला दोन्ही बाजूंना साधे, उजवे आटे असतात. म्हणून मी पाना डावीकडे ओढला. कटोरी हलेना. पान्याला पाइप लावून जोर केला. कटोरीच्या कडा झिजल्या, पण ती जागची हलली नाही.

शेवटी सायकल घेऊन गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी एकदा पाहिलं आणि पाना उजवीकडे फिरवला. कट्ट असा आवाज झाला, कटोरी सुटली. इतका वेळ मी ती आणखी आवळत होतो!

इथे सगळी गोष्ट फिरली. पायडल पुढे मारताना आतले छर्रे उजव्या कटोरीला हळूहळू उलट दिशेने ढकलत राहतात. साधे आटे असतील तर ती सैल होऊ शकते. म्हणून इंग्रजांनी त्या बाजूला उलटे आटे ठेवले. इटलीवाले साधेच आटे ठेवून कटोरी जोरात आवळत. मी मापं घेतली. इटालियन माप 36 मिलिमीटर, माझं भरलं 1.37 इंच, इंचाला 24 आटे. म्हणजे शुद्ध इंग्लिश माप. सीटच्या दांडीचा व्यास 27.2 मिलिमीटर. आणि रंगाच्या पोपड्याखाली पुसट आकडे दिसले : 531.

हे आकडे बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सचे. टोकांना जाड आणि मधे पातळ अशा नळीचं पेटंट त्यांनी 1897मध्ये घेतलं. जोडाशी ताकद हवी, मधे वजन नको, एवढा साधा विचार. 1935मध्ये त्यांनी मँगनीज-मॉलिब्डेनमचं 531 पोलाद आणलं आणि पुढची कित्येक दशकं शर्यतीच्या सायकली त्यावर धावल्या.

म्हणजे सायकल इटलीची नव्हती. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. अण्णांना कुणीतरी फसवलं होतं, की ते आम्हाला थापा मारत होते?

मग मागचा गिअर साफ करायला घेतला. क्रोम उडालं होतं, खाली ब्राँझची पिवळट झाक होती. त्यावर कंपान्योलोचं नाव. हा ग्रान स्पोर्ट, 1950च्या दशकातला, व्हिचेंझाच्या तुल्यो कंपान्योलोच्या कारखान्यातला. त्याआधी टूर द फ्रान्समध्ये 1937पर्यंत असे गिअर मुख्य स्पर्धकांना वापरूच देत नसत. घाटात ज्याच्या जोरावर अण्णा चढले, तो भाग इटलीचाच होता! साखळी मोठ्या चक्रावर चढली की पायाला जे हलकं वाटतं, त्यालाच ते बहुधा 'इटली' म्हणत असावेत.

रंगवाला म्हणाला, सगळं घासून नव्यासारखं करून देतो. वरचा हिरवा ऑइलपेंट अण्णांनी स्वतः ब्रशने मारलेला, ओघळ स्पष्ट दिसतात. त्याखाली पारशी गृहस्थांचा निळा. मी फक्त गंज काढला, मेण लावलं आणि रंग तसाच ठेवला. घासला असता तर 531ही गेलं असतं आणि अण्णाही.

आईला सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "असेल बाबा विलायतेची. पण लोकांना सांगताना इटलीचीच सांग."

मी दोन्ही सांगतो. तुमच्या माळ्यावर असं काही असेल तर पुसण्याआधी फोटो काढा, मापं लिहून ठेवा, आणि घरातलं वाक्य खोटं म्हणून टाकून देण्याआधी ते नेमकं कशाबद्दल होतं ते शोधा. भेटू पुढच्या भागात.