कँडीचा दात, गोव्याची राख आणि चुकलेला संशोधन प्रश्न

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या वहीत एक प्रश्न ठळक अक्षरात लिहिलेला होता: ‘कँडीतला बुद्धाचा दात खरा आहे का?’ गाईडनी वाचलं आणि एवढंच विचारलं, “समजा उत्तर मिळालं, तर दुसरं प्रकरण कशावर लिहिणार?” तेव्हा राग आला होता. प्रश्न चुकलाय हे कळलं ते श्रीलंकेत जाऊन आल्यावर. प्रश्न ठरवताना तुमच्यापैकी अनेकांचं असंच होत असेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. दाठावंस या पाली काव्यानुसार बुद्धाचा हा दात कलिंगातल्या दंतपुरात होता. राजकन्या हेममाला आणि तिचा नवरा दंत यांनी तो केसांत लपवून सिंहलद्वीपात नेला. ही गोष्ट चौथ्या शतकातली, पण दाठावंस तेराव्या शतकातलं. मधे तब्बल आठ-नऊशे वर्षं! मग आधीचा पुरावा काही आहे का? आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी भिक्खू फाहियान अनुराधपुरात होता आणि दाताच्या मिरवणुकीचं वर्णन त्याने लिहून ठेवलंय. म्हणजे कलिंगाची कथा बाजूला ठेवली, तरी पाचव्या शतकात दाताची पूजा होत होती, एवढं पक्कं म्हणता येतं. कथेचं वय आणि प्रथेचं वय असं वेगळं मोजायची सवय लावून घ्या.

पुढे राजधानी हलली की दातही हलला: अनुराधपूर, पोलोन्नरुवा, मग आणखी काही ठिकाणं. ज्याच्याकडे दात, तोच राजा, असं समीकरण बनत गेलं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस विमलधर्मसूर्य पहिला याने तो कँडीत आणून त्यासाठी मंदिर बांधलं. आज तिथे जे श्री दळदा मालिगाव आहे, त्याची सुरुवात ही अशी.

पण थांबा. पोर्तुगीजांच्या मते हा दात तोपर्यंत शिल्लकच नव्हता!

1560 साली गोव्याचा व्हाइसरॉय कॉन्स्टँटिनो द ब्रागांझा याने जाफन्यावर स्वारी केली. लुटीत एक दात मिळाला आणि तो गोव्यात आणला गेला. पेगूच्या (आजच्या म्यानमारच्या) राजाने त्यासाठी प्रचंड रक्कम देऊ केली. तिजोरीची अवस्था पाहता अनेक अधिकाऱ्यांना सौदा हवा होता. आर्चबिशप गास्पार यांनी मात्र मूर्तिपूजेला पैशांसाठी मदत करणं पाप आहे, अशी भूमिका घेतली. 1561 मध्ये दात सर्वांसमक्ष खलबत्त्यात कुटला, शेगडीत जाळला आणि राख नदीत टाकली.

हे सगळं सांगतो दियोगो दो कुटो. तो 1559 मध्ये भारतात आला, म्हणजे घटनेच्या वेळी इकडेच होता. पण इतिहास लिहिला तो बऱ्याच वर्षांनी, आणि तोही पोर्तुगीज सत्तेचा नेमलेला इतिहासकार म्हणून. डच प्रवासी लिन्सखोटेन 1580 च्या दशकात गोव्यात होता. तो हीच हकीकत सांगतो, पण त्याच्या मते तो माकडाचा दात होता आणि रक्कमही वेगळी. सिंहली परंपरा म्हणते, खरा दात त्या काळात देल्गमुवा इथे लपवलेला होता. पोर्तुगीजांनी जाळला तो दुसराच कुठला तरी. गंमत म्हणजे स्वतः कुटोच पुढे लिहितो की नंतर कोट्टेच्या राजाने पेगूला एक दात पाठवला आणि कँडीचा राजा म्हणू लागला, खरा तर माझ्याकडे आहे.

आता तुम्हीच सांगा, ‘खरा कोणता?’ हा प्रश्न घेऊन या साधनांकडे गेलो तर हाती काय लागणार? राखेची तपासणी होणार नाही. कँडीच्या दाताची कोणी करू देणार नाही.

हेच डोक्यात घेऊन मी संध्याकाळच्या पूजेला पोचलो. चपला बाहेर, हातात कमळं, आजूबाजूला पांढऱ्या कपड्यांतली माणसं. खाली ढोल सुरू झाले आणि रांग जिन्याने वर सरकू लागली. वरच्या मजल्यावर गाभाऱ्याचं दार उघडलं. दिसला तो सोन्याचा करंडक, स्तूपाच्या आकाराचा. त्याच्या आत एकात एक असे आणखी करंडक, आणि सगळ्यात आत दात. म्हणजे रोजच्या पूजेत दात कोणालाच दिसत नाही. मला तीन-चार सेकंद मिळाले. शेजारच्या आजी डोळे मिटून उभ्या होत्या, त्यांनी तर करंडकाकडेही पाहिलं नाही.

खरं सांगतो, पहिली प्रतिक्रिया अवघडल्याची होती. मी आंबेडकरी घरातला. अवशेषांची पूजा वगैरे आपलं नाही, असं ऐकतच वाढलो. मग आठवली नागपूरची दीक्षाभूमी. तिथल्या स्तूपात बाबासाहेबांच्या अस्थी आहेत. आईसोबत मी तिथे कितीदा गेलोय, आणि कधीही पुरावा मागितलेला नाही. तिथे आम्ही कशासाठी जातो, हे मला माहीत होतं. तोच प्रश्न कँडीत विचारायचा राहिला होता.

परतल्यावर वहीत नवा प्रश्न लिहिला: ‘दात कोणाच्या ताब्यात आहे, याने कोणाचं काय बदलत गेलं?’ आणि साधनं एकदम बोलायला लागली. आर्चबिशपने दात विकायचं सोडून तो जाहीरपणे का जाळला? 2 मार्च 1815 च्या करारात इंग्रजांनी बौद्ध धर्माच्या रक्षणाचं कलम का मान्य केलं? 1817-18 च्या उठावात दात गुपचूप मंदिराबाहेर का नेला गेला, आणि तो परत हाती आल्यावर इंग्रजांना हायसं का वाटलं? पुढे मिशनऱ्यांच्या विरोधामुळे त्याच इंग्रजांना ताबा सोडावा का लागला? 1998 मध्ये एलटीटीईने नेमकं याच मंदिरासमोर बॉम्ब असलेला ट्रक का आणला? यातल्या एकाही प्रश्नासाठी दात खरा असण्याची गरज नाही.

तेव्हा प्रस्ताव लिहिताना एक साधी चाचणी करा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात संपत असेल, तर ते दोन्ही शब्द कागदावर लिहा आणि प्रत्येकाखाली पुढचं वाक्य लिहून पाहा. माझ्या बाबतीत दोन्हीखालची जागा कोरीच राहिली होती.

गाईडना नवा प्रश्न दाखवला तेव्हा ते म्हणाले, “आता पोर्तुगीज शिकायला लागा.” तो क्लास अजून चालू आहे.