५.५६×४५ मिमी नाटो

५.५६×४५ मिमी नाटो हे लहान व्यासाच्या व अतिवेगवान गोळीचे रायफल-काडतूस आहे. अमेरिकेत विकसित झालेले हे काडतूस १९८० मध्ये नाटो या लष्करी संघटनेने प्रमाणित केले. एम१६ व एम४ (अमेरिका), फामास (फ्रान्स), स्टायर ऑग (ऑस्ट्रिया) आणि इन्सास (भारत) या रायफली याच मापाच्या आहेत. नावातील पहिला आकडा नळीचा व्यास, तर दुसरा पितळी कोशाची लांबी दर्शवितो. नळीचा व्यास आतील सर्पिल खाचांमधील उठावांपासून मोजला जातो. त्यामुळे गोळीचा प्रत्यक्ष व्यास किंचित अधिक, म्हणजे ५.७० मिमी असतो.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर नाटोने एकसमान काडतूस ठरविण्याचे प्रयत्न सुरू केले. ब्रिटनने ७ मिमी व्यासाचे मध्यम शक्तीचे काडतूस सुचविले होते. परंतु अमेरिकेच्या आग्रहामुळे १९५४ मध्ये अधिक शक्तिशाली ७.६२×५१ मिमी काडतूस स्वीकारले गेले. हे काडतूस लांब पल्ल्यावर प्रभावी होते, मात्र हलक्या रायफलीतून सलग मारा करताना त्याचा धक्का सैनिकाला आवरता येत नसे.

याच सुमारास अमेरिकेत झालेल्या दोन अभ्यासांनी वेगळी दिशा दाखविली. १९५२ मध्ये नॉर्मन हिचमन यांनी असा निष्कर्ष मांडला की, पायदळाच्या रायफलीचा परिणामकारक वापर प्रामुख्याने ३०० यार्डांच्या (सुमारे २७५ मीटर) आतच होतो. त्याच वर्षी डोनाल्ड हॉल यांनी, तेवढ्याच वजनात लहान व्यासाची अधिक काडतुसे नेता आल्यास लक्ष्यवेधाची एकूण शक्यता वाढते, असे गणिताने दाखवून दिले. १९५७ मध्ये अमेरिकी लष्कराने ०.२२ इंच व्यासाच्या हलक्या रायफलीची मागणी केली. तिची गोळी ५०० यार्डांवर पोलादी शिरस्त्राण भेदणारी असावी, अशी अट होती. या मागणीनुसार आर्मालाइट कंपनीने यूजीन स्टोनर यांच्या एआर-१० रायफलीवरून एआर-१५ ही रायफल तयार केली. तिच्यासाठी शिकारीच्या .२२२ रेमिंग्टन काडतुसाचा कोश लांबविण्यात आला व त्यातून .२२३ रेमिंग्टन हे काडतूस निर्माण झाले. त्याचा लष्करी प्रकार एम१९३ या नावाने १९६०च्या दशकात सेवेत आला.

वजन, वेग व धक्का

गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या समप्रमाणात, तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. धक्का मात्र मुख्यतः संवेगावर, म्हणजे वस्तुमान व वेग यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. लहान व्यासाच्या काडतुसाचा पाया या फरकात आहे. एम१९३ची गोळी ३.५६ ग्रॅमची असून ती सेकंदाला सुमारे ९९० मीटर वेगाने नळीबाहेर पडते. ७.६२×५१ मिमीची गोळी सुमारे ९.५ ग्रॅमची असून तिचा वेग सुमारे ८४० मीटर असतो. यावरून लहान गोळीची ऊर्जा मोठ्या गोळीच्या निम्म्याहून किंचित अधिक, तर संवेग निम्म्याहून कमी ठरतो.

संपूर्ण काडतुसाचे वजन सुमारे १२ ग्रॅम, म्हणजे ७.६२×५१ मिमीच्या जवळपास निम्मे भरते. त्यामुळे तेवढ्याच ओझ्यात सैनिकाला सुमारे दुप्पट काडतुसे नेता येतात. वेग अधिक असल्याने मध्यम अंतरापर्यंत गोळीचा मार्ग सपाट राहतो व अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम साधतो. हलकी गोळी मात्र हवेच्या रोधामुळे लवकर वेग गमावते आणि वाऱ्याने अधिक सरकते.

व्हिएतनाममधील अनुभव

व्हिएतनाम युद्धात एम१६ रायफली ऐन चकमकीत अडकू लागल्या व त्यामुळे अमेरिकी सैनिकांना प्राण गमवावे लागले. अमेरिकी काँग्रेसच्या इकॉर्ड उपसमितीने १९६७ मध्ये या प्रकरणाची चौकशी केली. चाचण्यांच्या वेळी वापरलेली दारू नंतर बदलण्यात आली होती. नव्या दारूमुळे रायफलीच्या माऱ्याची गती वाढली व तिच्या यंत्रणेत अधिक काजळी साचू लागली. काडतूस जेथे बसते त्या कक्षावर क्रोमचा मुलामा नव्हता, तसेच सफाईची साधने व प्रशिक्षणही अपुरे होते. कक्षाला क्रोमचा मुलामा देणे, दारूत सुधारणा करणे व सफाईची साधने पुरविणे या उपायांनंतर रायफलीची विश्वसनीयता वाढली. काडतुसाचे माप, दारू, शस्त्र व निगा यांचा विचार एकत्रितपणे करावा लागतो, हे या प्रकरणातून स्पष्ट झाले.

नाटोचे प्रमाणीकरण

१९७७ पासून नाटोने दुसऱ्या, लहान मापाच्या काडतुसासाठी चाचण्या घेतल्या. त्यांत ब्रिटनचे ४.८५ मिमी काडतूसही होते. अखेरीस बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या एसएस१०९ या प्रकाराची निवड झाली. त्याची गोळी सुमारे ४ ग्रॅमची असून तिच्या टोकाजवळ पोलादी तुकडा असतो; त्यामुळे ती लांब अंतरावर अधिक भेदक ठरते. ही गोळी अधिक लांब असल्याने तिला स्थिर ठेवण्यास वेगवान फिरकी लागते. एम१९३साठीच्या नळ्यांमधील खाचा ३०५ मिमी अंतरात एक वेढा पूर्ण करीत. नव्या गोळीसाठी अमेरिकेने हे अंतर १७८ मिमी केले. जुन्या नळीतून झाडलेली नवी गोळी पुरेशी स्थिर राहत नाही.

सोव्हिएत संघाने १९७४ मध्ये एके-७४ रायफलीसह ५.४५×३९ मिमी काडतूस स्वीकारले. चीनने पुढे ५.८×४२ मिमी हे स्वतःचे माप निवडले.

भारतातील वापर

भारतीय सैन्यात पूर्वी ७.६२×५१ मिमीची १ए१ ही स्वयंभरणी रायफल होती. तिच्या जागी आलेल्या इन्सास रायफलीचा विकास पुणे येथील आयुध संशोधन व विकास संस्थेने केला आणि तिचे उत्पादन पश्चिम बंगालमधील ईशापूर येथे झाले. या मापाच्या काडतुसांचे उत्पादन जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या आयुध निर्माणीतही होते. १९९९च्या कारगिल युद्धात ही रायफल वापरली गेली. त्या वेळी कडाक्याच्या थंडीत तिची प्लॅस्टिकची काडतूसपेटी तडकल्याच्या तक्रारी आल्या. हा दोष काडतुसाच्या मापाचा नसून शस्त्राच्या घडणीचा होता.

गोळीच्या कमी मारकतेविषयीचा आक्षेप मात्र थेट मापाशी निगडित होता. २०१९ मध्ये भारताने ७.६२×५१ मिमीच्या ७२,४०० सिग ७१६ रायफलींचा करार केला. २०२१ मध्ये ७.६२×३९ मिमीच्या सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफली उत्तर प्रदेशातील अमेठी जिल्ह्यात तयार करण्याचा करार झाला.

मर्यादा व पुढील वाटचाल

या गोळीचा परिणाम बव्हंशी वेगावर अवलंबून असतो. एम१६ची नळी ५०८ मिमी, तर एम४ची ३६८ मिमी लांब आहे. आखूड नळीत गोळीला कमी वेग मिळतो व तिचा परिणामकारक पल्लाही घटतो. अफगाणिस्तानातील डोंगराळ प्रदेशात दूरवरच्या चकमकी होऊ लागल्यावर ही उणीव प्रकर्षाने जाणवली. अमेरिकेने २०१० मध्ये एम८५५ए१ ही सुधारित गोळी वापरात आणली आणि २०२२ मध्ये ६.८×५१ मिमीच्या नव्या रायफलीची निवड केली. नव्या काडतुसाची शक्ती अधिक असली, तरी त्याचे वजन व धक्काही अधिक आहे. त्यामुळे १९५०च्या दशकातील वजन, वेग व पल्ला यांच्या समतोलाचा प्रश्न पुन्हा चर्चेत आला आहे.