समुद्राखालची तार आणि पुणे करार

विट्यातल्या अभ्यासिकेत पोरांना विचारले, परदेशातला व्हिडिओ आपल्या मोबाईलवर कुठून येतो? बहुतेकांनी वर बोट दाखवले. सॅटेलाइट! प्रत्यक्षात खंडाखंडांमधली जवळजवळ सगळी माहिती समुद्रतळावरच्या फायबर केबलमधून येते. त्यातल्या अनेक केबल मुंबईत, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येतात.

ही वाट 1870 ची. त्या वर्षी 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजाने मुंबई ते एडन तार टाकली. पुढे सुएझ, माल्टा, जिब्राल्टर करत ती इंग्लंडपर्यंत जोडली गेली. 1857 चा धसका घेतलेल्या सरकारला आणि व्यापाऱ्यांना ती हवी होती. आपल्या लोकांसाठी ती नव्हतीच. शब्दागणिक पैसे, आणि आपल्याला तर अक्षरच शिकू दिले नव्हते.

तरीही 1931 मध्ये आपल्या माणसांनी ती वापरली. दुसऱ्या गोलमेज परिषदेत गांधीजींनी अस्पृश्यांचा प्रतिनिधी आपणच असल्याचा दावा केला, तेव्हा देशभरातून लंडनला तारा गेल्या : आमचे नेते डॉ. आंबेडकर.

पुढच्याच वर्षी हा वेग आपल्यावर उलटला. पुणे कराराच्या नैतिक दबावावर पुष्कळ लिहिले जाते. तारेबद्दल कोणी बोलत नाही. 20 सप्टेंबर 1932 ला येरवड्यात उपोषण सुरू झाले. 24 ला करारावर सह्या झाल्या, मजकूर तारेने लंडनला गेला, 26 ला ब्रिटिश सरकारची मान्यता आली आणि उपोषण सुटले. बोटीच्या डाकेला एका बाजूनेच दोन आठवडे लागत. प्राण जाण्याआधी लंडनचे उत्तर येऊ शकते, हे सगळ्यांना ठाऊक होते. म्हणून तर तो दबाव चालला. आणि त्याचा सगळा भार एकट्या बाबासाहेबांवर पडला. राखीव जागा 71 वरून 148 झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ आणि दुसरे मत गेले. विचार करायला वेळ होता कुठे?

स्वातंत्र्याच्या सुमारास परदेशी दळणवळण सरकारकडे आले, 1986 मध्ये त्याची विदेश संचार निगम ही सरकारी कंपनी झाली. म्हणजे तिथल्या भरतीला आरक्षण. 2002 मध्ये सरकारने ती टाटांच्या ताब्यात दिली. आरक्षण संपले. आज समुद्रातल्या केबलमध्ये गूगल, मेटा, जिओ यांचा पैसा आहे. खासगीकरणावर बोलताना आपण रेल्वे, बँका, एसटी मोजतो, ही कंपनी विसरतो.

पोरांना हे सगळे सांगितले. एक मुलगी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने विचारले, "दादा, मग अर्ज कुठं करायचा?"