लाइनमनांचे सुरक्षा-प्रशिक्षण (अमरावती–अकोला)

वीजवितरणाच्या खांबांवरील वाहिन्या, रोहित्रे (बोलीत ‘डीपी’) व उपकेंद्रे यांवर काम करणाऱ्या तंत्रज्ञांना अपघात टाळण्यासाठी दिले जाणारे शिक्षण. ही नोंद वऱ्हाडातील अमरावती व अकोला या जिल्ह्यांपुरती आहे. महावितरणच्या रचनेत अमरावती परिमंडळात अमरावती व यवतमाळ हे जिल्हे येतात. अकोला परिमंडळात अकोला, बुलढाणा व वाशीम. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला; त्यामुळे त्याआधीच्या ‘अकोला जिल्हा’ या नोंदींत वाशीमचाही समावेश असतो. पारस (ता. बाळापूर) येथील औष्णिक केंद्र वीजनिर्मिती कंपनीचे असल्याने तेथील प्रशिक्षण येथे घेतलेले नाही.

पार्श्वभूमी : वऱ्हाडातील शहरांत वीज प्रथम आली ती १९१० च्या भारतीय वीज कायद्याखाली परवाना घेतलेल्या खासगी कंपन्यांमार्फत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना २० जून १९६० ची. मंडळाच्या काळात गावोगाव खांब गेले आणि ‘लाइनमन’ हा गावगाड्यातला नवा माणूस झाला. त्या पिढीचे शिक्षण मुख्यतः हेल्पर म्हणून जुन्या लाइनमनच्या हाताखाली, खांबाच्या पायथ्याशी झाले. ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण या कंपनीकडे आले.

कायदेशीर चौकट : भारतीय वीज नियम, १९५६ मधील नियम ३६ हा या विषयाचा मूळ आधार. वाहकाला हात लावण्यापूर्वी तो अर्थिंग करून विद्युतभारमुक्त करावा आणि अधिकृत केल्याखेरीज कोणीही चालू वाहिनीवर काम करू नये, हा त्याचा आशय. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५३ ने सुरक्षेच्या तरतुदी करण्याचे काम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाकडे दिले. प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम २०१० मध्ये आले. २०२३ मध्ये त्यांची जागा सुधारित विनियमांनी घेतली. २०१० च्या विनियमांत नियम ३६ चा आशय विनियम १९ म्हणून कायम राहिला. हातमोजे, रबरी बूट, सेफ्टी बेल्ट, शिडी, अर्थिंगची साधने, हेल्मेट, लाइन टेस्टर व हातदोर पुरवण्याचे बंधन त्यात नावानिशी होते. वितरण यंत्रणेच्या देखभालीवरील अभियंते, पर्यवेक्षक व तंत्रज्ञ यांची शैक्षणिक अर्हता आणि त्यांचे प्रशिक्षण या दोन्ही बाबी याच विनियमांनी बंधनकारक केल्या.

भरती व शिक्षणक्रम : सध्याच्या पद्धतीत उमेदवार ‘विद्युत सहाय्यक’ म्हणून लागतो. आयटीआयचा वीजतंत्री किंवा तारतंत्री हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम ही अर्हता. तीन वर्षे मानधनावर काढल्यावर तो तंत्रज्ञ होतो. पुढे वरिष्ठ तंत्रज्ञ व प्रधान तंत्रज्ञ. डिसेंबर २०२३ च्या राज्यव्यापी जाहिरातीत या पदाच्या ५,३४७ जागा होत्या. आयटीआयमध्ये घरगुती व औद्योगिक जोडणीवर भर असतो. ११ केव्ही वाहिनीच्या खांबावर चढण्याचा सराव त्या मानाने कमी. ही तूट कंपनीच्या प्रशिक्षणाने भरून काढायची, अशी योजना आहे. कंपनीचे मुख्य प्रशिक्षण केंद्र नाशिकजवळ एकलहरे येथे आहे. जनमित्र (लाइनमनसाठी महावितरणने रूढ केलेले नाव) व यंत्रचालक यांची उजळणी स्थानिक पातळीवरही होते. चालू वाहिनीवरील (हॉटलाइन) कामाचे शिक्षण राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण संस्थेच्या बंगळूरु केंद्रात मिळते. ते पारेषणाच्या अतिउच्चदाब वाहिन्यांशी संबंधित आहे. जिल्ह्यांतील लाइनमनचे जवळपास सगळे काम बंद लाइनवरचे असते, किंवा असायला हवे.

परमिट पद्धती : सुरक्षा-प्रशिक्षणाचा हा गाभा होय. ३३/११ केव्ही उपकेंद्रातून निघणाऱ्या फीडरवर काम करायचे असल्यास लाइनमन यंत्रचालकाकडे परमिट मागतो. यंत्रचालक ब्रेकर पाडतो, आयसोलेटर उघडतो, पॅनेलवर ‘माणसे काम करीत आहेत’ ही पाटी लावतो, वेळ व नाव नोंदवहीत लिहितो आणि परमिट देतो. यानंतर जागेवरची कामे ठरलेल्या क्रमाने होतात : (१) जवळचा एबी (एअर ब्रेक) स्विच उघडणे, त्याची तिन्ही पाती सुटली आहेत हे डोळ्यांनी पाहणे आणि हँडलला कुलूप लावणे, (२) लाइन टेस्टरने तिन्ही फेज तपासणे, (३) डिस्चार्ज रॉडने कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करणे, (४) मगच बेल्ट लावून वर चढणे. डिस्चार्ज रॉडचे जमिनीकडचे टोक आधी जोडायचे, तारेकडचे नंतर, काढताना उलट. हा क्रम चुकल्यास रॉड धरलेला माणूसच जमिनीचा मार्ग बनतो.

काम संपल्यावर माणसे मोजली जातात, अवजारे व अर्थिंग खाली येते आणि ज्याने परमिट घेतले त्यानेच ते परत करायचे असते. एका फीडरवर दोन टोळ्या असतील तर परमिटे दोन. दोन्ही परत आल्याखेरीज ब्रेकर चढत नाही. ‘साडेचारला लाइन टाक, तोवर आटपतो’ अशी घड्याळावरची बोली निषिद्ध आहे. मोबाइल आल्यापासून परमिटची देवाणघेवाण बरीचशी तोंडी होऊ लागली. त्यामुळे ऐकलेले वाक्य पुन्हा म्हणून दाखवण्यावर आणि फीडरचे नाव पूर्ण उच्चारण्यावर प्रशिक्षणात भर दिला जातो. एकाच गावाच्या नावाचे गावठाण फीडर व शेती फीडर असे दोन फीडर असणे ही येथे नित्याची बाब आहे, आणि काही ठिकाणी ते एकाच खांबावरून जातात.

लोडशेडिंग व शेतीचा पुरवठा : शेतीपंपांना तीन-फेज वीज आळीपाळीने मिळते : दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास. त्यामुळे फीडर दिवसाचा बराच वेळ बंदच दिसतो आणि त्या वेळेत ‘लाइन गेलेलीच आहे’ म्हणून खांबावर चढण्याचा मोह होतो. वेळापत्रकाने बंद असलेली लाइन परमिटवर बंद आहे असे धरता येत नाही. ती वेळ झाली की चालू होते आणि खांबावर कोण आहे हे उपकेंद्राला ठाऊक नसते. वऱ्हाडातील प्रशिक्षणात हा मुद्दा स्वतंत्रपणे घेण्याजोगा आहे. रब्बीत हरभरा-गव्हाच्या ओलिताच्या दिवसांत रोहित्रे जळण्याचे प्रमाण वाढते, शेतकऱ्यांचा तगादा लागतो आणि नेमक्या याच काळात परमिटला फाटा देण्याकडे कल होतो.

रिटर्न सप्लाय : बंद केलेल्या वाहिनीत ग्राहकाच्या बाजूने वीज परत येणे. याचे स्रोत : जनरेटर, सदोष जोडणीचे इन्व्हर्टर आणि छतावरील सौर संच. ग्रिड गेल्यावर सौर संचाचा इन्व्हर्टर आपोआप बंद होणे अपेक्षित असते. तरीही तपासल्याशिवाय त्यावर विसंबू नये असा संकेत आहे. शेतीत आणखी एक कारण संभवते. तीनपैकी एक फेज नसताना ‘कंडेन्सर’ लावून पंप चालवला, तर फिरती मोटर मेलेल्या फेजवरही दाब निर्माण करते. म्हणून एका फेजवर टेस्टर लावून भागत नाही. तिन्ही तपासाव्या लागतात आणि अर्थिंगही तिन्हींना करावे लागते.

साधने : रबरी हातमोज्यांसाठी आयएस ४७७०, हेल्मेटसाठी आयएस २९२५, सेफ्टी बेल्टसाठी आयएस ३५२१ ही भारतीय मानके आहेत. हातमोजे वापरण्यापूर्वी हवा भरून छिद्र पाहायचे असते. लघुदाबाचा हातमोजा ११ केव्हीवर उपयोगी नसतो. साधने दिली की सुरक्षा झाली असा समज प्रशासकीय अहवालांत डोकावतो. वास्तविक परमिट व अर्थिंग वगळले तर हातमोजा ही शेवटची आणि सर्वांत कच्ची तटबंदी ठरते.

अंतरे : २०१० च्या विनियमांनुसार ११ केव्हीची उघडी वाहिनी रस्ता ओलांडताना जमिनीपासून किमान ६.१ मी., रस्त्याकडेने ५.८ मी. व इतरत्र ४.६ मी. उंच असावी अशी अट होती. इमारतीपासून ११ केव्ही वाहिनीचे उभे अंतर ३.७ मी. व आडवे १.२ मी. उपकेंद्रातील सुरक्षित कार्यांतर ११ केव्ही यंत्रणेसाठी २.६ मी. आणि ३३ केव्हीसाठी २.८ मी. होते.

हवामान व भूप्रदेश : पूर्णा खोऱ्यातील काळी भारी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे खांब कलतात आणि तारांचा झोल वाढतो. चढण्यापूर्वी खांबाचा पाया व ताण पाहणे हा म्हणूनच स्वतंत्र धडा ठरतो. कोरड्या दिवसांत मातीचा रोध वाढतो, तर खारपाणपट्ट्यात क्षारांमुळे अर्थिंगचे लोखंड गंजते. दोन्ही स्थितींत अर्थिंग खांबाशी दिसते, पण काम देईलच असे नाही. मेळघाटात (धारणी, चिखलदरा) वाहिन्या व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातात आणि दूरध्वनीचे जाळे विरळ असल्याने तोंडी परमिटला मर्यादा येतात. अकोल्याचे मे महिन्यातील तापमान ४५° से. ओलांडते, मे २०२४ च्या अखेरीस उष्णतेच्या लाटेमुळे जिल्हा प्रशासनाने तेथे जमावबंदीचे कलम १४४ लागू केले होते. अशा उन्हात हातमोजे व हेल्मेट उतरवून ठेवण्याची प्रवृत्ती बळावते. दुपारची नियोजित कामे टाळावीत ही शिफारस आहे. वादळाने तुटलेल्या लाइनला ती लागू पडत नाही.

प्रथमोपचार : १९५६ च्या नियमांतील नियम ४४ नुसार विजेचा धक्का बसलेल्यास शुद्धीवर आणण्याच्या सूचना इंग्रजी किंवा हिंदीत आणि जिल्ह्याच्या भाषेत उपकेंद्रात लावणे आवश्यक झाले. उपकेंद्राच्या भिंतीवरील हा सचित्र तक्ता कित्येक लाइनमनांच्या वाट्याला आलेले एकमेव लिखित सुरक्षा-साहित्य असे. जुन्या तक्त्यांत पालथे झोपवून पाठीवर दाब देण्याच्या शेफर (१९०३) व होल्गर नील्सन (१९३२) पद्धतींची चित्रे असत. नील्सन पद्धत आयटीआयच्या पाठ्यपुस्तकांत ‘नेल्सन’ या नावाने टिकून राहिली. या पद्धती श्वास चालू करण्यापुरत्या आहेत. विजेच्या धक्क्यात मृत्यू बहुधा हृदयाची लय बिघडून होतो, म्हणून आता छातीवरील दाब (सीपीआर) शिकवतात : मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंमी. खोल, ३० दाबांमागे दोन श्वास. आधी पुरवठा तोडायचा, मगच माणसाला हात लावायचा. मेंदूला प्राणवायूविना सुमारे चार मिनिटांपलीकडे इजा होऊ लागते, आणि धारणीहून अमरावती जवळपास १५० किमी. आहे. म्हणजे जखमीचा पहिला वैद्य हा त्याचा जोडीदारच. एकट्याने खांबावर न चढण्याच्या दंडकाचे हेही एक कारण आहे.

कंत्राटी व अनधिकृत कामगार : बाह्यस्रोत कंत्राटदारांमार्फत काम करणाऱ्यांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी कागदोपत्री कंत्राटदारावर असते, १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या कलम १२ ने भरपाईचा भार मात्र प्रथम मुख्य मालकावर ठेवला. नोव्हेंबर २०२५ मध्ये कामगार संहिता अमलात आल्यावर हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. २०१६ पासून ३,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी आयटीआय झालेला ग्रामविद्युत व्यवस्थापक ग्रामपंचायतीमार्फत नेमण्याची योजना आहे. याखेरीज लाइनमनच्या वतीने फ्यूज टाकणारा, खांबावर चढणारा गावातील तरुण ‘झिरो वायरमन’ या नावाने ओळखला जातो. त्याचे अस्तित्व अधिकृतपणे मान्य केले जात नाही. प्रशिक्षणही अर्थातच नाही. अशा व्यक्तीचा अपघात कर्मचाऱ्याचा धरावा की बाहेरच्या व्यक्तीचा, याबाबत मतभेद आहेत.

अपघाताची नोंद व चौकशी : प्राणांतिक अपघाताची माहिती २४ तासांत आणि सर्व अपघातांचा लेखी अहवाल ४८ तासांत देणे अपघात-सूचनेविषयीच्या २००५ च्या नियमांनी बंधनकारक केले. चौकशी विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १६१ खाली विद्युत निरीक्षक करतो. उपकेंद्राची नोंदवही व परमिटची वेळ हे त्यातील महत्त्वाचे पुरावे ठरतात.

सप्ताह व दिन : ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन; याच दिवशी लाइनमन दिनही पाळतात. राज्याच्या विद्युत निरीक्षण विभागाचा विद्युत सुरक्षा सप्ताह जानेवारीत असतो.

महिला कर्मचारी : विद्युत सहाय्यक पदावर महिलांची भरती होते, शिक्षणक्रम समान.