तारापूरच्या दोन पिढ्या

परवा जेवताना वाद झाला. भाचा म्हणाला, "मामा, भट्टी मोठी बांधली की मेगावॅटमागे खर्च कमी. साधं गणित आहे." गणित बरोबरच वाटतं हो, पण मला आपलं तारापूर आठवलं.

तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकन जनरल इलेक्ट्रिकच्या, १९६९ सालच्या. ठरल्या किमतीत बांधून हातात किल्ली द्यायची असा सौदा. दोन्ही मिळून सुमारे ९३ कोटी! एकाच इमारतीत दोन्ही, बऱ्याच यंत्रणा सामाईक. त्या काळात या कंपनीने अमेरिकेतही असेच सौदे केले आणि तोटा खाल्ला. म्हणजे ती किंमत गिऱ्हाईक जमवायची होती, खरी नव्हे. पुढे दुय्यम बाष्पजनित्रांच्या नळ्या गळू लागल्या, ती बंद करावी लागली आणि २१० मेगावॅटची भट्टी १६० वर आली. इंधन समृद्ध युरेनियमचं. १९७४ च्या पोखरणनंतर त्यासाठी कुणाकुणाची दारं ठोठावली, ते वेगळंच.

दुसरी वाट जड पाण्याची, कॅनडाकडून घेतलेली. १९७४ नंतर कॅनडाने अंग काढून घेतलं, तेव्हा राजस्थानातली दुसरी भट्टी आपल्याच लोकांनी पुरी केली. हिला एक अवाढव्य जाडजूड दाबपात्र लागत नाही, इंधन शेकडो नळ्यांत असतं. त्या नळ्या हैदराबादला बनतात. मग २२० मेगावॅटचा एकच नमुना नरोरा, काक्रापार, कैगा असा गिरवत गेलो. पहिली पोळी फाटते, दहावी फुगते, तसंच हे.

त्या सरावावर तारापूरची ३ आणि ४ नंबरची, ५४० मेगावॅटची भट्टी आली. मार्च २००० मध्ये काँक्रीट पडलं, मार्च २००५ मध्ये चौथी पेटलीसुद्धा. उलट फ्रान्समधल्या फ्लामाव्हिलची १६५० मेगावॅटची राक्षसीण २००७ मध्ये सुरू झाली, वीज मिळाली डिसेंबर २०२४ मध्ये. अंदाज ३.३ अब्ज युरोचा, गेले १३ अब्जांच्या वर. आणि ज्यांच्याकडे गिरवलेल्या नमुन्यांची सर्वांत मोठी रांग होती, त्यांचीच ही गत! त्याच जातीच्या सहा जैतापूरला आणायचा बेत आहे. मी तरी ७०० मेगावॅटच्या आपल्याच भट्ट्या गिरवत राहीन.

असो. या हिशोबात एक रकाना मीही सोडला होता. ३ आणि ४ साठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली, आणि पुनर्वसनासाठी लोकांना कोर्टाची पायरी चढावी लागली. हे सांगितल्यावर भाचा म्हणाला, "मग तुमची पाच वर्षं स्वस्त कशी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माडबनची जमीन तर केव्हाच घेऊन झाली आहे, भट्टी अजून नाही.