ऑइल बोल्टचे आटे गेले? आणखी आवळू नका, आधी हे वाचा

कोड बिघडला तर मी मागच्या व्हर्जनवर जातो. बाइकच्या बोल्टला ती सोय नाही, हे मला जालन्यात आमच्याच अंगणात कळलं. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि पप्पांच्या १०० सीसी बाइकचं ऑइल स्वतः बदलायला बसलो. सगळं नीट झालं. शेवटी ‘गळायला नको’ म्हणून पान्यावर अजून थोडा जोर दिला आणि घट्ट बसलेला बोल्ट एकदम मोकळा फिरायला लागला. बाहेर काढून बघतो तर त्याच्याभोवती चांदीसारखी चकचकीत तार गुंडाळलेली. ती तार म्हणजे इंजिनच्या भोकातले आटे! आणि पप्पांना सकाळी याच बाइकवर अंबडला जायचं होतं.

एवढ्याशा बोल्टवर काय अवलंबून असतं?

आपल्याकडच्या बहुतेक फोर-स्ट्रोक बाइकमध्ये इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलवर चालतात. छोट्या बाइकमध्ये हे ऑइल साधारण ८०० मिली ते १ लिटर असतं. ड्रेन बोल्ट रस्त्यात निसटला, तर ते सगळं मागच्या टायरच्या वाटेत सांडतं. गाडी घसरू शकते, आणि लक्षात आलं नाही तर इंजिन जाम होतं. ऑटोमॅटिक कारमध्ये हीच भानगड गिअरबॉक्सखालच्या चेंबरची. तिथे बरेच छोटे बोल्ट असतात आणि ते ॲल्युमिनियमच्या बॉडीत बसतात.

बोल्ट पोलादी, भोक ॲल्युमिनियमचं. जोर जास्त झाला की मऊ धातू आधी हरतो. बोल्ट तिरका लागला, आट्यांत माती राहिली किंवा तापलेल्या इंजिनवर ताकद लावली, तरी तेच होतं.

जोराचा हिशोब सोपा आहे. अनेक छोट्या बाइकच्या ड्रेन बोल्टला २५ न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क सांगितलेला असतो (आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्येच बघा, पीडीएफ मोबाइलवर मिळते). २० सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला तो होतो सुमारे साडेबारा किलोचा जोर. ६० किलोचा माणूस त्याच पान्यावर उभा राहिला तर जवळपास १२० न्यूटन-मीटर! चेंबरच्या ६ मिमी बोल्टला तर १० च्या आसपासच पुरतात.

जुगाड का करू नये

गल्लीतल्या मित्राने लगेच सुचवलं, टेफलॉन टेप गुंडाळ. पण ड्रेन बोल्टमध्ये ऑइल आटे अडवत नाहीत, वॉशर अडवतो. आट्यांचं काम फक्त वॉशरला दाबून धरणं. टेपने ती ओढ येत नाही, उलट तिचे तुकडे ऑइलच्या जाळीत अडकू शकतात. एम-सील लावलं तर पुढच्या वेळी ऑइल काढायचं कुठून? थोडा मोठा बोल्ट ठोकून बसवणं सगळ्यात वाईट. तो वेडेवाकडे आटे पाडत आत जातो आणि भोकाभोवतीची भिंत पातळ करतो. नंतर जी खरी दुरुस्ती करायची, तिला लागणारा धातू तुम्ही आजच खाऊन टाकता. कधी कधी तर बॉडीला चीर जाते.

खरी दुरुस्ती

जालना सळईचं गाव, त्यामुळे एमआयडीसीच्या बाजूला लेथवाले शोधावे लागत नाहीत. बाइक ढकलत एका काकांकडे नेली. त्यांनी बोल्ट हातात फिरवून बघितला आणि म्हणाले, “आटं गेल्यावर कितीबी आवळ, काय फायदा? नवं घर करावं लागतंय.”

नवं घर दोन प्रकारे होतं. पहिला प्रकार हेलिकॉइल, म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या तारेची स्प्रिंग. जुने आटे ड्रिलने काढतात (६ मिमी बोल्टसाठी भोक साधारण ६.३ मिमी), खास मापाच्या टॅपने नवे आटे पाडतात आणि त्यात ही स्प्रिंग फिरवून बसवतात. स्प्रिंग भोकापेक्षा किंचित मोठी असल्याने बाहेरच्या बाजूला दाब देऊन घट्ट धरते. बोल्ट मात्र मूळ मापाचाच राहतो. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांतही हेच वापरलं गेलं. ॲल्युमिनियमला पोलादी आटे मिळतात, म्हणून दुरुस्ती बहुतेक वेळा मूळपेक्षा मजबूत होते. चेंबरच्या बोल्टांसाठी माझं मत हेलिकॉइललाच.

ड्रेन बोल्टचं वेगळं आहे. तो पुन्हा पुन्हा उघडतो आणि तारेची स्प्रिंग कधी कधी बोल्टसोबतच बाहेर येते. म्हणून काकांनी दुसरा प्रकार निवडला: आतून-बाहेरून आटे असलेला पोलादी बुश, बाहेरच्या आट्यांना थ्रेड लॉक लावून. बुशची कड वॉशर बसतो त्या पृष्ठभागाच्या किंचित आत ठेवली, नाहीतर वॉशर सपाट बसत नाही.

सगळ्यात जास्त काळजी त्यांनी किसाची घेतली. हे भोक थेट इंजिनमध्ये उघडतं. टॅपला ग्रीस फासायचं, दोन फेरे पुढे, अर्धा मागे, काढून पुसायचं, परत ग्रीस. शेवटी वरून थोडं स्वस्त ऑइल ओतून खालून वाहू दिलं. त्या ऑइलमध्ये मोबाइलचा टॉर्च मारल्यावर बारीक चमचम दिसत होती. दुसऱ्या वेळी ओतलं तेव्हा दिसली नाही.

थ्रेड लॉक वाळायला रात्रभर ठेवलं. पप्पा अंबडला एसटीने गेले, जाताना काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी नवा वॉशर टाकून बोल्ट बसवला. आधी हाताने जाईल तितका फिरवला, मग पाना. टॉर्क पाना माझ्याकडे नाही, म्हणून बॅग तोलायचा हुक असलेला काटा २० सेंटीमीटरवर अडकवला, पान्याला काटकोनात ओढला आणि साडेबारा किलोला थांबलो. रात्री बाइकखाली पुठ्ठा टाकून ठेवला होता. सकाळी कोरडा होता.